वेस्ट विंडसरला घर बघताय? आधी एवढं तपासा

निवड चांगली आहे, घाई मात्र नको. न्यू जर्सीत नवखे हमखास चुकतात ते पत्त्यात. ०८५४० आणि 'प्रिन्स्टन' लिहिलंय म्हणजे घर प्रिन्स्टनमध्येच, असं नाही. हा झिपकोड वेस्ट विंडसरसारख्या शेजारच्या गावांतही पसरलाय. घर कुठल्या टाउनशिपमध्ये (म्हणजे स्थानिक पालिकेत) येतं ते मालमत्ता कराच्या बिलावर बघा, शाळा-जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) त्यावरच ठरतो. वेस्ट विंडसर आणि शेजारचं प्लेन्सबरो यांचा शाळा-जिल्हा एकच, पण हायस्कुलं दोन: नॉर्थ आणि साउथ. आपल्या पत्त्याला कुठलं, ते जिल्हा कार्यालयालाच विचारा, एजंटला नको.

मालमत्ता कर तिमाही असतो: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. नुसता कर्जाचा हप्ता धरून बजेट आखणारे इथेच फसतात.

रोज न्यूयॉर्क? मग प्रिन्स्टन जंक्शन रेल्वे स्टेशनच्या पार्किंग परवान्याची चौकशी घर घेण्याआधी करा. बागकाम, एचओए (घरमालकांची सोसायटी) वगैरे नंतर बघू.