साक्रीच्या मामांनी सही करण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या जमिनीवर कंपनीला दोन पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत आणि मामांना भाडं हवंय. कंपनीचा माणूस म्हणतो, "मांजरी यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारतात." पवनचक्क्यांनी पक्षी मरतात ही पक्षिमित्रांची ओरड मग खरी की खोटी, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं नागपूरच्या आसपास पक्षी बघतोय. कोळशाची वीज म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून आधीच सांगतो, मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही.

मांजरींचं म्हणणं खोटं नाही, पण ते इथे लागू पडत नाही. मांजर मारते चिमण्या, साळुंक्या, बुलबुल. त्यांची वर्षातून दोन-तीनदा वीण होते. पात्यांत सापडतात ते मुख्यतः उठत्या हवेवर घिरट्या घालणारे मोठे पक्षी. गिधाड पाचेक वर्षांचं झाल्यावर विणीला लागतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. आपल्या पेंच व्याघ्रप्रकल्पात 2024 साली केवढ्या खटपटीनं दहा गिधाडं आणून सोडली! त्यातलं एक गेलं तर ते किती चिमण्यांच्या बरोबरीचं धरायचं?

लोक म्हणतात, पाती इतकी हळू फिरतात, पक्ष्याला दिसत कशी नाहीत? साधा हिशोब करा. पात्यांचा घेर 120 मीटर व्यासाचा आणि मिनिटाला 12 फेरे धरले, तर पात्याचं टोक ताशी 270 किलोमीटरनं जातं. खाली जमिनीवर भक्ष्य शोधणाऱ्या गरुडाची नजर त्या टोकावर नसतेच.

मला जास्त काळजी वाटते ती पाकोळ्यांची, म्हणजे कीटक खाणाऱ्या लहान वटवाघळांची. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात मी साक्रीकडे गेलो होतो. उजाडता उजाडता एका मनोऱ्याखालच्या मुरमावर एक पाकोळी पडलेली दिसली. अंगठ्याएवढी, पाच रुपयांच्या नाण्याहून हलकी. पंख उलगडून पाहिले, कुठेही फाटलेले नव्हते. नाकाशी रक्ताचा एक ठिपका, बस. राखणदार म्हणाला, "साहेब, रोज पहाटे कुत्री येऊन उचलून नेतात." कंपनीच्या वहीत 'मृत प्राणी आढळले नाहीत' असं लिहिलेलं असतं, ते त्यामुळे. दहा वाजता जीपमधून येऊन बघणाऱ्याला काय आढळणार?

पात्यामागे हवेचा दाब एकदम उतरतो आणि त्यांची फुप्फुसं फुटतात, असं 2008 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मांडलं. पुढच्या तपासण्यांत बहुतेक मृत्यू थेट पात्याच्या मारानं झाल्याचं दिसलं. बहुतेक जातींत मादी वर्षाला एक-दोनच पिल्लं देते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. बोंडअळीनं पोळलेल्या आपल्या विदर्भाला हे कळायला हवं. टेक्सासात कपाशीवर येणाऱ्या बोंडअळीचे पतंग वटवाघळं रात्रभर खातात, हे तिथे अभ्यासलं गेलंय.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पाकोळ्या मंद वाऱ्याच्या रात्रीच जास्त उडतात आणि तेव्हा वीजही फारशी होत नाही. पेनसिल्व्हेनियात 2008-09 मध्ये वारा सेकंदाला 5 ते 6.5 मीटर होईपर्यंत रात्री पाती थांबवून ठेवली. मृत्यू 44 ते 93 टक्क्यांनी घटले, वर्षाच्या विजेतला तोटा एक टक्क्याहून कमी. स्पेनमध्ये तारिफा इथे गिधाड जवळ येताना दिसलं की ठरावीक चक्क्या बंद करत. मृत्यू निम्म्यावर आले, वीज गेली 0.07 टक्के. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले, मात्र तो प्रयोग चारच चक्क्यांवरचा.

आपल्याकडचा अभ्यास साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा, 2018 साली प्रसिद्ध झालेला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. खाणारं कोणी नाही म्हणून सरडे वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनात. म्हणजे पक्षी मरतात एवढंच नाही, ते जागाच सोडून जातात. पठाराचं सगळं गणितच बदलतं.

वीज वाहून नेणाऱ्या तारांचं विसरू नका. माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2021 मध्ये राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. मार्च 2024 मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.

आता मामांचं. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते ते सांगणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेत पवन प्रकल्प येतच नाहीत, त्यामुळे जनसुनावणी होणार नाही. विचारायची जागा एकच, मामांचा करारनामा. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या. पावसाळा सरताना मंद वाऱ्याच्या रात्री पाती थांबतील. जोडणीच्या तारा जमिनीखालून जातील. आणि पहिली दोन वर्षं दर आठवड्याला उजाडायच्या आत मनोऱ्याखाली शोध घेतला जाईल, त्याची वही मामांना बघायला मिळेल. कंपनी पहिल्याला नाही म्हणाली, तर वरचा एक टक्क्याचा आकडा दाखवा.

मसुदा आला की इथे टाका, मी ओळ न् ओळ वाचतो. भाद्रपदात मामांकडे जाणार असाल तर मलाही कळवा. टॉर्च घेऊन येतो, कुत्र्यांच्या आधी पोचू.