आडनाव नंतर, आधी गाव

कुळशोधाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथं उत्तरं देते आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : आमचं आडनाव मोरे. पणजोबा घाटावरून मुंबईला गिरणीत आले, यापलीकडे काही माहीत नाही. मोऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "आमच्या घराण्याची माहिती कोणाकडे आहे का?" असं विचारलं. उत्तरादाखल जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांची वंशावळ आली आणि सूर्यवंशाची दोन पोस्टरं. नेमकं विचारायचं कसं?

मोरे म्हटलं की जावळी आणि शिंदे म्हटलं की कण्हेरखेड, हे ठरल्यासारखंच झालं आहे. मोरे, जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं शेकडो गावांत आणि कितीतरी जातींत आहेत. त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी, पोतदार ही तर वतनांची, कामांची नावं. गाव बदललं की कूळ बदललं.

शिवाय आडनाव टिकतंच असंही नाही. महात्मा फुल्यांचं घराणं मूळ सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं आणि आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले झालं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. मास्टर दीनानाथांचं हर्डीकर मागे पडून मंगेशीवरून मंगेशकर आलं. जुन्या कागदांत तर साध्या शेतकऱ्याला बहुधा आडनाव नसतंच. 'रामा बिन सटवा' किंवा 'रामा वलद सटवा' एवढंच असतं. शाळेत, पलटणीत, गिरणीत नाव घालताना कारकुनानं जे लिहिलं ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं.

म्हणून आधी गाव शोधा. गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत, ग्रामस्थ मंडळं असत. त्यातली काही मंडळं अजून आहेत. पणजोबा कुठल्या खोलीत राहायचे हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जुन्या लग्नपत्रिका काढा, त्यांवर मुक्काम, पोस्ट, तालुका असा सगळा पत्ता असतो. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. कुलदैवताला दर तीन वर्षांनी कुठं जायचे, बोकड की पुरणपोळी, देवक कोणतं, हेही विचारून ठेवा. दोन मोरे एका भावकीतले आहेत की नाहीत याचा पहिला अंदाज देवक आणि कुलदैवत यांवरून येतो.

मग प्रश्न असा लिहा : "मोरे, तालुका पाटण, गाव बहुधा कोयनेच्या खोऱ्यातलं. पणजोबा बाळा, त्यांचे वडील राणू. साधारण 1915 च्या सुमारास परळला आले. देवक मोराचं पीस. थोरला भाऊ गावीच राहिला. या भावकीतलं कोणी आहे का?" यावर उत्तरं कमी येतील. जी येतील ती कामाची असतील.

एक सावधगिरी. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव गटावर टाकू नका. बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

प्रश्न : वाईच्या जुन्या घरात माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सापडला. काही कागद कसरीनं खाल्लेत. कोणाकडून वाचून घ्यावेत? तारखा तर अजिबात कळत नाहीत.

आधी हात आवरा. कागद लॅमिनेट करू नका, टेप लावू नका आणि रुमालातला क्रम मोडू नका. एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात, आणि तो संबंध एकदा सुटला की जुळत नाही. ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं, दोन्ही बाजूंचे, उजेडात फोटो काढा. पाठीमागचा शेरा कधीकधी पोटातल्या मजकुरापेक्षा मोलाचा असतो.

वाचकाकडे न्यायच्या आधी चाळणी तुम्हीच लावू शकता. कर्जरोखे आणि हिशेबाचे ताळेबंद बाजूला ठेवा. करीना, महजर (सभेपुढे झालेला निवाडा), वतनपत्र, तकरीर (पक्षकाराची जबानी), कैफियत आणि थळझाडा हे आधी वाचून घ्या. करीन्यात वतन कसं मिळालं आणि कोणाकडून कोणाकडे गेलं याची हकिकत असते. थळझाड्यात गावातली मूळ कुळं, त्यांच्या जमिनी आणि कोणतं कूळ बुडालं ते 'गतकूळ' म्हणून लिहिलेलं असतं. एवढे पाच-सहा शब्द ओळखण्यापुरती मोडी महिन्याभरात येते. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळही घेतं.

आता तारखा. शकात 78 मिळवा, चैत्राऐवजी पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा 79. राज्याभिषेक शक 1674 पासून मोजतात. अडवणूक करतो तो सुहूर सन, कारण तो अरबी संख्यांच्या नावांत लिहितात आणि एकक आधी येतो. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार : 1192. त्यात 599 मिळवले की 1791. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतला कागद असेल तर 600 मिळवायचे. 'छ 12 रजब' असं दिसलं तर तो चांद्रमासातला बारावा दिवस. त्याची इंग्रजी तारीख जंत्रीतून, म्हणजे तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकांच्या पुस्तकातून, काढावी लागते.

तुमचं घराणं इनामदार किंवा वतनदार असेल तर हा रुमाल म्हणजे निम्मीच गोष्ट. 1852 च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशननं इनामदारांकडून सनदा मागवल्या आणि मूळ इनाम मिळवणाऱ्यापासून हयात धारकापर्यंतची वंशावळ मागितली. इनाम वाचवायचं म्हणून लोकांनी ती दिली. हे कागद पुण्याच्या अभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथं आहेत. मात्र इनाम राखण्यासाठी दिलेली वंशावळ आहे हे ध्यानात ठेवून वाचा. दत्तकाला औरस दाखवणं, निपुत्रिक भावाचं नाव गाळणं, हे तिथं घडलेलं आहे.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आमच्या सात पिढ्या लिहिलेल्या आहेत, असं काका म्हणतात. खरं असेल का?

असू शकतं. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान आला की त्याचं, भावांचं, मुलांचं नाव, गाव आणि तिथी लिहून घेत. लिहिता येणाऱ्याची सही असते. या वह्या गावावर आणि जातीवर वाटलेल्या असतात. नाशिकला रामकुंडावर उभं राहून "अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे उपाध्ये कोण?" असं विचारावं, आडनाव त्यानंतर सांगावं. पुन्हा गावच आलं बघा.

सात पिढ्या सलग मिळतील असं मात्र धरू नका. जो तीर्थाला गेला त्याचीच नोंद होते. गरीब शाखा गेलीच नाही, तर वहीत ती नाही. जुनी पानं मोडीत असतात आणि उपाध्यायही ती आठवणीनं वाचून दाखवतात, तेव्हा फोटोची परवानगी मागा, दक्षिणा द्या आणि घरी येऊन ताडून पाहा. तुम्ही कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले असाल तर हेळव्यांनाही विचारा. बैलावरून येऊन कुळाची नावं म्हणून दाखवणारे हेळवी आता कमी झालेत, पण काही घरांत वह्या आहेत.

प्रश्न : आईच्या आईचं घराणं शोधायचं आहे. वंशावळीत सगळे पुरुषच. बायका कुठं सापडतात?

वंशावळीच्या बाहेर सापडतात. जुन्या फेरफारांत 'सखूबाई कोम रामजी' अशी नोंद मिळते. इथं 'कोम' म्हणजे नवऱ्याचं नाव पुढं. 'अ. पा. क. आई सखूबाई' दिसलं तर वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता आणि आई त्याची पालनकर्ती होती. म्हणजे नवरा कधीच्या सुमारास वारला, हेही तुम्हाला त्याच ओळीत मिळालं. बहिणींची नावं हक्कसोडपत्रांत असतात, वाटपाच्या दाव्यांत असतात. भाऊबंदकीनं घरं मोडली खरी, पण वंशावळींचे उत्तम पुरावे तिनंच कोर्टात जमा केले. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा वारसा कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीनं आला आणि देशभर 2005 मध्ये; त्यानंतरच्या वारस नोंदींत मुली सरसकट दिसू लागतात.

कागदांच्या आधी मात्र घरातल्या श्राद्धाचा विचार करा. पिता, पितामह, प्रपितामह यांच्यासोबत माता, पितामही, प्रपितामही यांची नावं घेतात, आणि मातामहाकडच्या तीन पिढ्याही, गोत्रासह. जिथं महालय नीट होतो तिथं गुरुजींच्या वहीत किंवा आजोबांच्या पंचांगाच्या मागच्या पानावर ही नावं लिहिलेली असतात. आजीचं नाव दोन प्रकारे दिसलं तर गोंधळू नका. एक माहेरचं, एक लग्नात तांदळात लिहिलेलं.

आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत लक्षात ठेवा. विष्णु गणेश, गणेश विष्णु, पुन्हा विष्णु गणेश. तीन पिढ्यांचे दोन विष्णु एकच समजून लोकांनी सबंध पिढी गिळली आहे.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले. कुणबी नोंदीसाठी खापरपणजोबांपर्यंत जायचं आहे. हैदराबाद गॅझेटमध्ये आमचं नाव मिळेल का?

नाही. गॅझेटिअर आणि जनगणनेत जातवार आकडे असतात, माणसांची नावं नसतात. तुम्हाला नावाची नोंद हवी. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, खासरा पत्रक, पाहणीपत्रक, 1951 चं नागरिकांचं रजिस्टर, हे पाहा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि काही मोडीत असतात, साल फसली असतं; फसलीत 590 मिळवलं की इसवी सन जवळपास येतं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. नोंद मिळाली तरी ती ज्याची आहे त्याच्याशी तुमचं नातं जोडणारी प्रत्येक पिढी कागदानं दाखवावी लागेल, आणि बहुतेकांचं घोडं तिथं अडतं. फेरफाराचा प्रत्येक वारस उतारा म्हणूनच काढून ठेवा. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख'वर स्कॅन केलेले आहेत. नसतील तर तहसिलीतल्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा.

प्रश्न : थुंकी पाठवून डीएनए तपासणी केली तर मूळ गाव कळेल?

नाही कळणार. अमेरिकेत गेलेला चुलत भाऊ मात्र सापडेल, त्यानंही तपासणी केली असेल तर. टक्केवारीचा रंगीत नकाशा दिवाणखान्यात लावायला छान आहे.

प्रश्न (मॉरिशसहून) : आमचं आडनाव रामजी. घरात मराठी आहे, गणपती आहे, झाकरी नाच आहे. पूर्वज रत्नागिरीहून आले म्हणतात. तिकडे रामजी आडनावाचे लोक कुठं राहतात?

कुठंच नाही, निदान तुमचे नाहीत. रामजी हे बोटीतून उतरलेल्या माणसाचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव असणार. तिथल्या दप्तरात तेच आडनाव म्हणून राहिलं. त्यामुळे रामजींना शोधणं सोडा. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत. तिथं तुमच्या पूर्वजाचा इमिग्रंट क्रमांक शोधा. तो जुन्या जन्म-विवाह दाखल्यांवरही असतो. नोंदीत वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जहाज आणि गाव किंवा परगणा मिळतो, नशीब असेल तर फोटोही.

गावाचं नाव इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असेल. ते मोठ्यानं वाचा आणि कोकणातल्या कोणाला तरी ऐकवा. डोळ्यांना न कळलेलं कानाला कळतं. 1981 पर्यंत आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, तेव्हा मालवण-देवगडही शोधात धरा. सावंतवाडी मात्र तुमचे पूर्वज गेले त्या काळी वेगळं संस्थान होतं. तुमची झाकरी ही इकडची जाखडी. तिच्या गाण्यांत आणि घरातल्या गाऱ्हाण्यात (देवापुढं घालतात त्या) एखाद्या ग्रामदेवतेचं नाव टिकलं असेल तर तेही लिहून पाठवा. गाव हाती लागलं की खोती गावांतली बोटखतं, म्हणजे जमिनींच्या जुन्या नोंदवह्या, आहेत, आणि त्याहून जवळची वाट म्हणजे ग्रामदेवतेचे मानकरी. कुठल्या वाडीतलं कोणतं घर समुद्रापार गेलं आणि त्याचा शिमग्यातला मान कोणाकडे आला, हे गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या मानपानाच्या व्यवस्थेत, विचारता येतं. तुम्ही इमिग्रंट क्रमांक आणि नोंदीतलं गावाचं जसंच्या तसं लिहिलेलं नाव पाठवा. कोणत्या तालुक्यात बघायचं ते मी सांगते.