नमुने मोजण्याआधी एकक ठरवा

प्रयोगात उपचार (औषध, खत, जे काही तपासायचं ते) नेमका कशाला दिला, हे आधी कागदावर लिहा. तेच तुमचं एकक, आणि नमुनासंख्या त्यावरूनच ठरते. एका पिंजऱ्यातल्या ५ उंदरांना एकाच बाटलीच्या पाण्यातून औषध दिलं, तर नमुनासंख्या ५ नव्हे, १. खत टाकलेल्या एका तळ्यातून १० बाटल्या भरल्या, तरी तळं एकच. काँक्रीटच्या एकाच घाण्यातले, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालातले, ३ ठोकळे त्या घाण्याबद्दल सांगतात. मिश्रणाबद्दल बोलायचं तर घाणे वेगवेगळे कालवावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. इथे चुकलात तर पी-मूल्य (उपचाराचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) फसवं लहान येतं, आणि जाणकार परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मोजणीचा क्रम संगणकाकडून यादृच्छिक काढून घ्या. सकाळी सगळा नियंत्रण गट (ज्याला उपचार दिलेला नाही) आणि दुपारी उपचार गट मोजलात, तर उपकरणाचा सरकलेला शून्यच उपचाराचा परिणाम म्हणून दिसेल.

प्रयोगशाळेतल्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ खळग्यांतलं द्रव लवकर आटतं. त्यांत नुसतं माध्यम (नमुना न घातलेलं पोषक द्रव) भरा, नमुने आतल्या ६० मध्येच.

सरासरीची प्रमाणत्रुटी (नमुन्यांवरून काढलेल्या सरासरीतली अनिश्चितता) निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. बजेट मागताना हे लक्षात असू द्या.