रोजनिशीच्या पानावरचा खडा

गेल्या अंकातील या सदरात रोजनिशी लिहिण्याविषयी थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा डोकावला, तो म्हणजे लिहिताना जवळ स्फटिक ठेवण्याचा. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नोकरी करते. पाडव्यापासून रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर अर्धा तास वहीत मनातले लिहिते. वाढदिवसाला मैत्रिणीने जमुनियाचा, म्हणजे ॲमेथिस्टचा, जांभळा खडा दिला आणि तो आधी हातात धरून मग लिही, विचार स्पष्ट होतात, असे सांगितले. मला तसा अनुभवही येतो. माझे यजमान विज्ञानाचे शिक्षक आहेत, ते हसतात. मैत्रीण म्हणते, घड्याळ स्फटिकावर चालते, म्हणजे त्यात ऊर्जा असणारच. कोणाचे खरे मानावे? आणि खडा वापरायचाच, तर कसा वापरावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ऊर्जेच्या बाबतीत तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे, आणि तुम्हाला जे जाणवते तेही खोटे नाही.

आधी घड्याळाचे पाहू. क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला, की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो, हे जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलटही घडते. वीज दिली, की स्फटिक कंप पावतो, आणि मनगटी घड्याळातील क्वार्ट्झचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल अशा बेताने कापलेला असतो. मात्र त्यासाठी लागणारी वीज घड्याळातला सेल पुरवतो. सेल संपला, की तोच स्फटिक मुकाट पडून राहतो. तुमचा जमुनियाही क्वार्ट्झच आहे. लोहाचा अल्प अंश आणि खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे त्याला जांभळा रंग येतो, पण वहीवर ठेवलेल्या खड्याला ना कोणी दाबत असते, ना वीज देत असते.

आता तुमच्या अनुभवाचे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्तोफर फ्रेंच यांनी ८० जणांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये मांडले. काहींच्या हातात खरा स्फटिक दिला होता आणि काहींच्या हातात हुबेहूब दिसणारा नकली. मुंग्या येणे, ऊब वाटणे, मन एकाग्र होणे हे अनुभव दोन्ही गटांना सारखेच आले. आणि काय जाणवू शकते हे ज्यांना आधीच सांगून ठेवले होते, त्यांना ते अधिक आले. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना जाणवत होते, फक्त ते खड्यातून येत नव्हते.

मग ते कुठून येते? माझ्या मते तुमच्या बाबतीत ते स्वयंपाकघर आणि वही यांच्यामधल्या त्या दोन मिनिटांतून येते. ओटा पुसून, दूध विरजून, उद्याच्या डब्याचा विचार डोक्यात घेऊनच माणूस वहीपाशी बसतो. खडा हातात घेतला, की हात थांबतात, थंड गुळगुळीत स्पर्शाकडे लक्ष जाते, आणि आजचे काम संपले असे शरीराला कळते. स्फटिकाची माळ ओढणाऱ्या आजीला विचारले असते, तर तिनेही बोटांना काम दिले की मन जागेवर बसते, असेच काहीसे सांगितले असते.

तेव्हा खडा जरूर वापरा, पण नुसता धरून बसण्याऐवजी त्याच्याकडे पाहण्याचे काम करा, असे मी सुचवीन. मी स्वतः हे कसे करते, ते सांगते. माझ्या टेबलावर स्टिल्बाइट नावाच्या खनिजाचा मुठीएवढा एक स्फटिक आहे. तो विकत घेतलेला नाही. सिन्नर तालुक्यात एका नातलगांच्या विहिरीचे काम चालू असताना बाहेर टाकलेल्या काळ्या दगडांच्या ढिगात मिळाला. आपला दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी झिरपत राहिले आणि आतून स्फटिकांचे थर चढत गेले. नाशिक, पुणे, जळगाव या भागांतील खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर संग्राहकांना विशेष प्रिय आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा तेच दगड खडीबरोबर भरडले जातात, पण तो विषय वेगळा.

या स्टिल्बाइटचे वर्णन करायचे, असे ठरवून मी पहिल्या दिवशी लिहिले, 'सुंदर, फिकट केशरी स्फटिक.' नंतर लक्षात आले, की 'सुंदर' हा दगडाचा गुण नव्हे, तो माझा शेरा आहे. दुसऱ्या दिवशी लिहिले, 'गव्हाची पेंढी मधोमध आवळून बांधावी आणि दोन्ही टोके पसरावीत, तसा आकार. रंग सुक्या जर्दाळूचा, टोकांकडे जवळजवळ पांढरा. एका अंगाला काळ्या कातळाची पातळ साल अजून चिकटलेली. डाव्या कोपऱ्यावर पहारीचा घाव. तेथला भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकतो.' चार-पाच दिवस रोज पाच मिनिटे हेच केले, आणि मग त्याच बैठकीत भावाशी झालेल्या वादाविषयी लिहायला घेतले. आधीच्या पानांवर 'तो माझ्याशी अत्यंत उद्धटपणे वागला' असे वाक्य होते. त्या दिवशी लिहिले गेले ते असे : 'मी दारात उभी होते. तो म्हणाला, आता कशाला आलीस? आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मी चपला काढल्याच नाहीत.' ते शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ थांबले, कारण चपला न काढणे हे माझे वागणे होते आणि तोवरच्या एकाही पानावर ते आले नव्हते.

तुमच्या जांभळ्या खड्यावर हे करून पाहा. रंग सगळीकडे सारखा आहे का, आत चिरा कुठे आहेत, दिव्यासमोर धरल्यावर काय बदलते, एवढेच टिपा. त्यानंतर तेवढ्याच बारकाईने दिवसातला एक प्रसंग लिहा. अर्धा तासही गरजेचा नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज केवळ पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना या दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या दिवसांत उलट अधिक वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा सरासरीने लहानच दिसून आला, तरी जो आहे तो लिहिण्याचा आहे. यजमानांना हसू द्या. वर्णनाचे एक पान वाचायला दिले, तर शिक्षक म्हणून त्यांना ते आवडण्याचा संभव आहे.

प्रश्न : चिंतन-लेखनासाठी म्हणून मी सात खड्यांचा संच घेतला. सोबतच्या कागदावर दर पौर्णिमेला खडे मिठाच्या पाण्यात ठेवून शुद्ध करावेत आणि नंतर उन्हात ठेवावेत, असे लिहिले होते. तीन पौर्णिमांनंतर सेलेनाइटची पांढरी कांडी खरखरीत झाली, पायराइटवर तांबूस डाग पडले आणि जांभळा खडा फिकट वाटतो. दुकानदार म्हणतो, खड्यांनी तुमची नकारात्मकता शोषली. पिवळा सिट्रिनही खरा आहे की नाही, अशी शंका येते. खडा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी पिण्याचाही सल्ला मिळाला आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या नकारात्मकतेवर हा आळ उगाच आला आहे. सेलेनाइट म्हणजे जिप्सम. ते इतके मऊ असते, की नखाने ओरखडा उठतो, आणि लिटरभर पाण्यात त्याचे सुमारे दोन ग्रॅम विरघळतात. तीन वेळा रात्रभर भिजल्यावर कांडी खरखरीत होणारच. पायराइट हे लोह आणि गंधकाचे संयुग आहे, त्यावर मिठाच्या पाण्याने गंज चढला. जमुनियाचा रंग कडक उन्हात दीर्घकाळ ठेवल्यास उडतो. तिन्ही खड्यांवर जे झाले ते त्या कागदावरील सूचना पाळल्यामुळे झाले. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, आणि धुवायचेच असेल, तर क्वार्ट्झच्या जातीचे खडे साध्या पाण्याखाली धरून लगेच पुसावेत.

सिट्रिनबद्दलची शंका रास्त आहे. नैसर्गिक पिवळा सिट्रिन दुर्मीळ असतो. बाजारात मिळणारा बहुतेक माल म्हणजे चार-पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला जमुनिया असतो. तोही क्वार्ट्झच, त्यामुळे त्याला काच म्हणता येणार नाही, पण दुर्मीळ रत्नाचा भाव देऊ नये. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले, तर मात्र ती काचच समजावी.

पाणी पिण्याचा सल्ला मुळीच मानू नका. मॅलाकाइटमध्ये तांबे असते, गॅलेनात शिसे असते, आणि संचातला कोणता खडा नेमका कोणता आहे, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

पुन्हा खरेदी करण्याआधी आणखी एक गोष्ट मनात असू द्यावी. गुजरातमधील खंभात येथे अकीक (अ‍ॅगेट) हा खडा घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिरांना त्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग होतो, हे अनेक वर्षांपासून ज्ञात आहे. मनःशांतीसाठी घेतलेला चकचकीत खडा कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने चकचकीत झालेला असू शकतो. मला स्वतःला नदीकाठची, पाण्यानेच घासलेली गारगोटी अधिक बरी वाटते.

प्रश्न : मी निवृत्त असून माझ्या पत्नीचे आठ महिन्यांपूर्वी निधन झाले. मुलीच्या सांगण्यावरून रोज झोपण्यापूर्वी लिहितो. तिने मन शांत राहावे म्हणून गुलाबी स्फटिक आणून दिला आहे, तो उशाशी असतो. पण लिहून हलके वाटण्याऐवजी झोप उडते. मागील पाने चाळली, तर 'त्या दिवशी मी तिला लवकर दवाखान्यात न्यायला हवे होते' हेच वाक्य प्रत्येक पानावर आहे. लिहिणे सोडून द्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काही काळ तरी रात्रीचे लिहिणे सोडा. तेच वाक्य रोज लिहिणे म्हणजे चिंतन नव्हे, ते घोकणे झाले, आणि घोकल्याने गोष्ट विसरली जात नाही, उलट पाठ होते. पुन्हा लिहावेसे वाटले, तर सकाळी चहानंतर, उजेडात लिहा आणि पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर झाला, की वाक्य अर्धे असले तरी वही मिटून तिच्यावर तो गुलाबी स्फटिक ठेवा. उद्या सकाळपर्यंत तो उचलायचा नाही, एवढा एकच नियम. तुमच्या मुलीने प्रेमाने आणलेल्या वस्तूला हे काम शोभेल. उशाशी मात्र तो नको, कारण तेथे तो वहीचीच आठवण करून देत राहील.

लिहिताना 'मी' ऐवजी स्वतःला नावाने हाक मारून पाहा. एखादा जुना स्नेही हीच खंत घेऊन आला असता, तर त्याला तुम्ही काय सांगितले असते, ते त्या हाकेपुढे लिहा. स्वतःकडे असे थोडे अंतर राखून पाहिल्यास मन त्याच जागी फिरत राहणे कमी होते, असे अभ्यासकांना आढळले आहे. आणि आपल्या संतांनी तर मनालाच समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत घालून दिली आहे. शिवाय पत्नीविषयी त्या एका दिवसापलीकडचेही लिहा : त्या भाजीत काय घालत, कोणत्या शब्दावर हसत, रागावल्या की काय करत.

एवढे करूनही झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलीच राहिली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात दिरंगाई करू नका. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते. आणि हे पत्र मुलीलाही दाखवा.

प्रश्न : माझा नेहमीचा स्फटिक घर बदलताना हरवला. तेव्हापासून महिनाभर वहीला हात लागलेला नाही. तसाच दुसरा घ्यावा का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : घेऊ नका. पूजेत मूर्ती नसली, तर आपण सुपारी मांडतो आणि पूजा अडत नाही. आज रात्री स्वयंपाकघरातून एक सुपारी घ्या, ती वहीजवळ ठेवा आणि पहिले पान तिच्यावरच्या रेषांविषयी लिहा. दुसरे पान स्फटिक हरवला त्या दिवसाविषयी लिहा. सामानाच्या खोक्यांत तो कसा आणि कोणाकडून राहिला, हे लिहिता लिहिता कदाचित तो सापडेलही.