शिष्यवृत्तीचा टक्का आणि तालमीचे तास

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली असून गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षाही तिने दिली आहे. पुण्यातील एका खासगी विद्यापीठाने गायनाच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी शिक्षण शुल्कात ५० टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे. मूळ शुल्क वर्षाला १,६०,००० रुपये, वसतिगृह व खानावळ १,१०,००० रुपये. आठ दिवसांत शुल्क भरण्यास सांगितले आहे. दुसऱ्या एका शासकीय विद्यापीठात तिची प्रात्यक्षिक चाचणी झाली आहे. तेथील शुल्क पुष्कळच कमी आहे, परंतु निकाल लागलेला नाही. आमची शेती कोरडवाहू आहे. निम्म्या शुल्काची संधी हातची घालवावी का?
— एक वडील, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार बरे केले. शिष्यवृत्ती वजा जाता शिक्षण शुल्क ८०,००० रुपये उरते. त्यात राहण्याजेवण्याचे १,१०,००० मिळवले की वर्षाचे १,९०,००० आणि तीन वर्षांचे ५,७०,००० रुपये होतात. शिष्यवृत्ती नसती तर हाच खर्च ८,१०,००० झाला असता. म्हणजे पत्रावर ५० टक्के लिहिलेली सवलत आपल्या एकूण खर्चावर तीस टक्क्यांहूनही थोडी कमी भरते. ती सवलत फक्त पहिल्या वर्षापुरती असेल, तर हीच रक्कम ७,३०,००० पर्यंत जाते. तेव्हा सवलत किती वर्षांसाठी आहे, ती टिकवण्यासाठी किती गुण आणि किती हजेरी लागते, शुल्क दरवर्षी वाढणार आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावे. फोनवर गोड शब्दांत दिलेले आश्वासन दुसऱ्या वर्षी कोणी मान्य करत नाही. दुसऱ्या विद्यापीठाचा हिशेबही असाच, अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे हे पाहून आणि खोलीभाडे व जाण्यायेण्याचे भाडे धरून करावा. शुल्क भरण्याचे दिवस नेमके पेरणीचे असतात आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. म्हणून हप्ते पाडून मिळतील का, हेही संकोच न बाळगता विचारावे.

मात्र पैशांइतकाच महत्त्वाचा एक हिशेब आपल्या पत्रात नाही. ख्याल गायकी, म्हणजे रागाचा विस्तार करत गायचा शास्त्रीय गायनाचा प्रकार, गुरूंच्या समोर बसून शिकावी लागते. प्रत्यक्ष शिकवणार कोण, त्या वर्गात किती विद्यार्थी असतात, आठवड्यात किती तास गुरूंसमोर बसून तालीम मिळते आणि किती तास इतिहास व शास्त्र यांच्या तासिकांत जातात, ही माहिती माहितीपुस्तिकेत क्वचितच असते. ती सध्या तिथे शिकत असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडून मिळेल. आपल्या मुलीने त्यांच्याशी स्वतः बोलावे. माहितीपत्रकावर ज्यांचे मोठे छायाचित्र असते, ते कलावंत वर्षातून एखाद्या कार्यशाळेपुरतेच येत असतील, तर त्यांच्या नावासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. आजवर तिने ज्या घराण्याची तालीम घेतली, त्याहून वेगळ्या पद्धतीने शिकवणारे गुरू मिळणार असतील, तर तिच्या सध्याच्या गुरुजींचे मतही आधी घ्यावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. वसतिगृहात पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाझ करता येतो का? एका खोलीत तिघी राहत असतील आणि त्यांपैकी दोघी दुसऱ्या शाखेच्या असतील, तर पाच वाजता तंबोरा लावणे अवघड होते. रियाझासाठी स्वतंत्र खोल्या आहेत का, त्या सकाळी किती वाजता उघडतात आणि मुलींना त्या वेळी तिथे जाण्याची परवानगी असते का, हे अधीक्षकांना विचारावे. ज्या ठिकाणी रियाझाला जागा नाही, ते ठिकाण शुल्क पूर्ण माफ झाले तरी गायनाच्या विद्यार्थिनीसाठी महागच ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुदतीविषयी. दुसऱ्या विद्यापीठाचा निकाल यायचा आहे, असे सरळ सांगून पंधरा दिवसांची मुदतवाढ लेखी मागावी. त्यात गैर काहीच नाही. मुदत मिळालीच नाही आणि शुल्क भरावे लागले, तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून फार तर पाच टक्के, आणि तेही कमाल ५,००० रुपयांपर्यंतच, कापता येतात. त्यानंतर परताव्याचे प्रमाण ९०, ८० आणि ५० टक्के असे उतरत जाते, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून ती अंतिम तारीख कोणती, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारून ठेवावे. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून लगेच परत देणे संस्थेवर बंधनकारक आहे; ते ठेवून घेऊ देऊ नयेत.

प्रश्न : मी २० वर्षांचा असून सात वर्षांपासून लातूरला गुरुजींकडे तबला शिकतो. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. तिचा निकाल लागेपर्यंत पदवीचा प्रवेश थांबवावा का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : थांबवू नये. १८ ते २५ या वयोगटातील कलाकारांसाठी असलेल्या या शिष्यवृत्तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये, म्हणजे एकूण १,२०,००० रुपये मिळतात. ती महाविद्यालयाचे शुल्क भरण्यासाठी नसून गुरूंकडील पुढील शिक्षणासाठी आहे, आणि अर्जदाराने किमान पाच वर्षे गुरूंकडे शिकलेले असावे अशी तिची अट आहे. ती आपण पूर्ण करता. रक्कम दरमहा हाती येत नाही, सहामाही हप्त्यांनी येते, त्यामुळे खानावळीचे बिल तिच्या भरवशावर ठेवता येणार नाही. निवडीची मुलाखत तज्ज्ञ समितीसमोर होते. तेव्हा कायदे (तबल्यावर विस्तार करून वाजवायच्या बोलरचना) आणि गती यांच्या बरोबरीने ठेक्याची स्वच्छता आणि पढंत (बोल तोंडाने म्हणणे) यांवर भर द्यावा. प्रवेश मात्र असा घ्यावा की आठवड्यातून निदान दोनदा गुरुजींसमोर बसता येईल. आपल्या बाबतीत लातूरमध्ये किंवा लातूरहून जाऊन-येऊन करता येईल असे महाविद्यालय मला अधिक योग्य वाटते. सात वर्षांची तालीम अर्ध्यावर सोडून दूरच्या मोठ्या नावामागे जाण्याची घाई करू नये.

प्रश्न : माझे नाव संगीताच्या पदवी प्रवेशाच्या प्रतीक्षा यादीत आहे. दिवसभर संकेतस्थळ पाहण्यातच वेळ जातो आणि रियाझात मन लागत नाही. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : गेल्या वर्षी प्रतीक्षा यादी कोणत्या क्रमांकापर्यंत सरकली होती, हे विभागाच्या कार्यालयात एकदा विचारा, त्यावरून आपल्या संधीचा अंदाज येईल. संकेतस्थळ रोज ठरलेल्या वेळी एकदाच पाहा आणि ते काम शक्यतो घरातील दुसऱ्या कोणावर सोपवा. यादीतून बोलावणे आले की कागदपत्रांसाठी एक-दोन दिवसच मिळू शकतात. त्यामुळे जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र यांची जुळणी आताच करून ठेवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील ललित व प्रयोगजीवी कला संकुल किंवा जवळचे संगीत विषय असलेले महाविद्यालय येथे अर्ज भरून ठेवावा. गांधर्वच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रातही होतात. आपली पुढची परीक्षा त्या सत्रात द्यायचे गुरुजींशी बोलून आजच ठरवा आणि तिच्या रागांची यादी घेऊन उद्या सकाळी तंबोऱ्याशी बसा.