ती तुमची शिकवणी घ्यायला बांधील नाही

तुम्ही लिहिलंत की जूनटीन्थच्या (अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून १९ जूनला असणाऱ्या) सुट्टीआधी ऑफिसातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला 'मला वंशभेदाबद्दल जरा समजावून सांग' म्हणालात, तिनं हसून 'वाचायला भरपूर मिळेल तुला' एवढंच म्हटलं आणि ते तुम्हाला लागलं. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं आहे. माझ्या मते तिचं काहीही चुकलेलं नाही. लंचच्या अर्ध्या तासात घरच्यांनी सोसलेलं सगळं उकरून सांगायचं, वर 'पण खरंच एवढं असतं का?' हेही ऐकून घ्यायचं, असं दर नव्या माणसासाठी कोण करेल? गोऱ्या सहकाऱ्यानं जातीबद्दल विचारलं की आपण कशी टोलवाटोलवी करतो, ते आठवा. आणि कृपा करून तिला सॉरीचा लांबलचक मेसेज पाठवू नका, त्याला उत्तर देणं हे तिला आणखी एक काम.

वाचायला सुरुवात स्वतःच्या व्हिसापासून करा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात असलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. थिंद यांच्या वतीनं मांडलं गेलं की ते उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोरेच. भेद करणारा कायदाच मोडा असं मागणं नव्हतंच, आम्हाला वरच्या पंगतीत घ्या एवढंच होतं. (ओळखीचं वाटतंय ना?) १९२३ साली कोर्टानं नाही म्हटलं, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्यापुरतं. आपल्या लोकांना मोठ्या संख्येनं येता आलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. त्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी कृष्णवर्णीय लोक लाठ्या खात होते. वंशावरून माणसं निवडायला त्यांच्या चळवळीनं लाज आणली, म्हणून आपला कोटाही सुटला. आपण नुसत्या हुशारीवर इथे आलो, हा समज इथेच गळून पडायला हवा.

पण खरी परीक्षा घर घेताना होते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एरिया कसा आहे? शाळेचं रेटिंग? क्राउड कसा?' हे तीन प्रश्न एका दमात येतात आणि क्राउड म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. रिचमंड विद्यापीठाची 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' ही वेबसाइट उघडून आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराचा नकाशा पाहा. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं कुठल्या भागात घरकर्ज देणं किती धोक्याचं, हे दाखवणारे शहरांचे असे नकाशे केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ठरलेला शेरा 'डी', रंग लाल. अशा भागात घरासाठी कर्ज मिळणं जवळपास अशक्य. घर नाही म्हणून पुढच्या पिढीला ठेवायला काही नाही. शाळांचा बराच पैसा घरपट्टीतून येतो, त्यामुळे तिथल्या शाळाही ओढगस्तीत. मग तेच कमी रेटिंग बघून आपण म्हणतो, 'त्यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही.' नकाशावरच्या एखाद्या भागावर क्लिक केलंत की त्या वेळच्या अधिकाऱ्यांची टिपणंही वाचता येतात. कुठल्या वंशाचे लोक 'शिरलेत', हे त्यांत सरळ नोंदवलेलं असतं.

नुसतं वाचून सवय जात नाही मात्र. पॉटलकला (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) कुणी 'कल्लू' म्हणून हसतो तेव्हा तिथल्या तिथे 'असं नको म्हणू रे' म्हणायचं. भाषण देऊ नका, दोन मिनिटं वातावरण बिघडतं, मग पुन्हा कॅराओके सुरू होतो. मात्र पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यासमोर जपून बोलतो. मागून बोलत असेल, बोलू दे. तिकडे टेबलाशी मुलं बसलेली असतात, त्यांच्या कानावर तरी पडत नाही.

सासूबाईंच्या 'काळ्यांपासून जपून गं' ला मी अजून रोज फोनवर उत्तर देत नाही. आठवड्यातून एकदा देते. पुण्यातून अमेरिका त्यांना फक्त टीव्हीवर दिसते, वेळ लागणारच.