मांजराला मधुमेह आहे आणि डॉक्टर घरी साखर तपासू नका म्हणतात, तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत राहता, नऊ वर्षांचा नसबंदी केलेला बोका, वजन ६ किलो. पाणी भसाभस पितो आणि खाऊनही वाळतोय. दवाखान्यात साखर ३८६ आली. डॉक्टरांनी ३०/७० मिश्र इन्सुलिन (तीस टक्के झटपट आणि सत्तर टक्के मध्यम मुदतीचं) दिवसातून एकदा, ३ युनिट सुरू केलं. घरी टोचून तपासू नका, महिन्यातून एकदा आणा, असं ते सांगतात. तुम्ही जे वाचलंय ते नेमकं उलट आहे.

साखर तपासणं आणि डोस बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. डॉक्टरांचा विरोध बहुतेक दुसऱ्याच्या भीतीने असतो आणि ती भीती खोटी नाही. घरात मीटर आला की लोक दर आकड्यामागे अर्धा युनिट वर-खाली करायला लागतात. साखर चढल्याने मांजर तासाभरात जात नाही, उतरल्याने जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांसमोर मत घेऊन जाऊ नका, आकड्यांचा कागद घेऊन जा.

दवाखान्यातल्या ३८६ बद्दल. टोपलीत कोंबून रिक्षातून नेलेल्या, शेजारी कुत्रा भुंकत असलेल्या निरोगी मांजराचीही साखर घाबरून ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर मधुमेह ठरत नाही. पण तहान, वाळणं आणि लघवीत साखर हे तिन्ही सोबत असतील तर निदान पक्कं समजा. लघवी सांडते तिथे मुंग्या लागतात का, तेही बघा. शंका उरलीच तर फ्रुक्टोसामाइन तपासणी करून घ्या. ती मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी दाखवते आणि घाबरण्याने बदलत नाही. माणसांच्या काही मोठ्या लॅब ती करतात, मात्र प्राण्याचं सॅम्पल घेतात का हे मिरजेला जाण्याआधी फोन करून विचारा. त्याचबरोबर, गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंडाच्या जखमांसाठी स्टेरॉइडचं लांब काम करणारं इंजेक्शन दिलं गेलंय का, ते जुन्या कागदांत शोधा. मांजरात मधुमेह सुरू होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

खरा मतभेद दिवसातून एकदा की दोनदा, इथे आहे. मांजराचं शरीर इन्सुलिन फार लवकर संपवतं. माणसात दिवसभर पुरणारं मध्यम मुदतीचं इन्सुलिन मांजरात आठ-दहा तासांत, कधी त्याहूनही आधी ओसरतं. ३०/७० मध्ये तर तीस टक्के झटपट काम करणारं असतं, म्हणजे आधी खड्डा आणि मग डोंगर. घरी दर दोन तासांनी तपासून काढलेला एक दिवस साधारण असा दिसतो (आकडे नमुन्यादाखल): सकाळी ७ ला इंजेक्शनआधी ३७२, ९ ला २६०, ११ ला ११८, १ ला ९६, ३ ला २१४, ५ ला ३३५, ७ ला ३९०. आता या बोक्याला महिन्यातून एकदा दुपारी एकला दवाखान्यात नेलं तर "छान चाललंय" असं ऐकायला मिळेल. संध्याकाळी सहाला नेलं तर डोस वाढेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोका कोसळेल. एकाच बोक्याचे, एकाच दिवसाचे हे दोन आकडे डोस दोन उलट दिशांना ओढतात. हा कागद समोर ठेवला की डॉक्टरांनाही दिसतं की संध्याकाळी सातपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मांजर इन्सुलिनशिवाय आहे.

आता तपासायचं कसं. माणसांचा साधा ग्लुकोमीटर चालतो, रक्त अगदी थेंबभर ओढून घेणारी पट्टी असलेला घ्या. तो मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो, तेव्हा मीटर मधेच बदलू नका, नाहीतर तुलना बिघडते. जागा म्हणजे कानाच्या बाहेरच्या कडेने जाणारी बारीक शीर. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की दिसते. जुन्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर कोमट करा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि मग मिनिटभर कानाला धरा. गार कानातून रक्त येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात लोक हात टेकतात ते यामुळेच. कडेला व्हॅसलीनचा पुसट हात लावा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. कानामागे कापसाची घडी धरा, शिरेच्या अगदी बाजूला टोचा आणि पट्टी थेंबाला टेकवा. मग अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर कान निळा पडतो. सुरुवातीला २६ गेजची जाड लॅन्सेट (टोचायची सुई) बरी, कान सरावला की २८ ची बारीक. लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या, दर वेळी, आकडा आला नाही तरी. आठवडाभरात बोका कान पुढे करतो असं नाही, पण पळून जाणं थांबतं.

रोज दर दोन तासांनी टोचायचं नाही. रोज इंजेक्शनच्या आधी एकदा, अधूनमधून पाच-सहा तासांनी एकदा, आणि पूर्ण बारा तासांचा कागद डोस बदलल्यावर आठवड्याने. नवीन डोस बसायला पाच-सात दिवस लागतात, त्याआधीचा आकडा बघून काही ठरवू नका. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० मध्ये यावा, एवढंच उद्दिष्ट आहे. इंजेक्शनच्या वेळी २५० दिसलं म्हणून बिघडत नाही. मांजराच्या लघवीत साखर रक्तातला आकडा साधारण २५० ते २९० च्या वर गेल्यावरच उतरते, त्यामुळे बहुतेक वेळ त्याखाली राहिलं तरी तहान कमी होते. पाण्याचं भांडं मापाच्या जगने भरा आणि रात्री उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे तुमच्या बोक्याला ६०० मिलीहून जास्त, हे नक्की जास्त. वजन आठवड्यातून एकदा, बोक्याला कापडी पिशवीत घालून बॅगा तोलायच्या लटकत्या काट्यावर.

ग्लार्जिन हे लांब काम करणारं इन्सुलिन आहे. त्याबाबत डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा ठेवा: "ग्लार्जिन १ युनिट, दर बारा तासांनी, यावर जाता येईल का?" जगभर मांजरांत सुरुवात याच मापाने करतात. आदर्श वजनाच्या किलोमागे पाव युनिट, आणि सुरुवातीला एका वेळी २ च्या वर नाही. आधीचे ३ युनिट तसेच उचलून नव्या इन्सुलिनला लावायचे नाहीत. डोस बदलला तर अर्ध्या युनिटाने, पाव जमलं तर पावानेच.

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ सिरिंजमध्ये होतो, डॉक्टर कितीही बरोबर असले तरी. ३०/७० ची बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन मात्र १०० चं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजने १ च्या खुणेपर्यंत भरलंत तर आत गेलं अडीच युनिट. उलट केलंत तर जेमतेम ०.४. औषधाच्या दुकानात "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हणालात तर हाताला लागेल ती मिळते. बाटली नेऊन दाखवा आणि नारिंगीमध्येही ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली मागा. पेन बहुतेक एकेक युनिटाने सरकतं, म्हणून मांजराला गैरसोयीचं. ग्लार्जिन हलवायचं नाही, पातळ करायचं नाही. ३०/७० तळहातात हलकेच घोळवायचं. फ्रीजमध्ये दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. गोठलेलं किंवा गढूळ झालेलं ग्लार्जिन फेकून द्या.

मानेमागच्या सैल कातडीपेक्षा बरगडीच्या बाजूची किंवा पोटाकडची कातडी उचला, तिथून इन्सुलिन जास्त नीट शोषलं जातं. टोचल्यावर केस ओले लागले तर औषध बाहेर गेलं. पुन्हा टोचू नका. नेमकं किती आत गेलं ते कळत नाही आणि एक डोस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

जेवणात निम्मा उपचार आहे. कोरड्या खाद्याच्या पिशवीवरची टक्केवारी १०० मधून वजा करून बघा: प्रथिनं ३२, फॅट १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८ (लिहिलेली नसेल तर एवढीच धरा). उरले ३६, ते पिष्ट. उष्मांकात मोजलं तर जवळजवळ ३९ टक्के. हवं ते १२ च्या आसपास किंवा खाली. म्हणून ओलं खाद्य, तेही ग्रेव्हीचं नको, कारण ती घट्ट करायला पिष्टच घालतात. पॅटे (वाटलेल्या मांसाचा घट्ट लगदा) किंवा जेलीचं घ्या. दूध-भात, दूध-चपाती बंद. उकडलेलं चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता चालेल, पण पूर्ण जेवण म्हणून नाही, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि शिजवताना टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारा घटक) पाण्यात उतरतं. बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करा आणि डॉक्टरांना आधी सांगा: पिष्ट घटलं की इन्सुलिनची गरज झपकन कमी होते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. भूक लागली की खाईल म्हणून उपाशी मात्र ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि तो आजार मधुमेहाहून वाईट.

सुरुवातीच्या काळात इंजेक्शनआधी आकडा २०० च्या खाली असेल किंवा बोका जेवला नसेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. लागला नाही तर तो डोस सोडा. लटपटणं, गप्प होऊन कोपऱ्यात बसणं, झटके, यातलं काही दिसलं तर मीटर शोधत बसू नका. मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर हिरड्यांना चोळा. झटके चालू असताना तोंडात ओतू नका. शुद्धीवर आला की खायला द्या आणि दवाखाना गाठा, कारण इन्सुलिनचा जोर अजून उरलेला असतो आणि साखर पुन्हा पडते. उलट्या, न खाणं आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) हे एकत्र आले तर तेवढंच तातडीचं.

डॉक्टरांकडे जाताना "नेटवर वाचलं" हे शब्द टाळा. गावोगावच्या गायी-म्हशी बघणाऱ्या माणसाकडे मधुमेही मांजर क्वचितच येतं, त्यात त्यांचा दोष नाही. बारा तासांचा कागद आणि वजन-पाण्याची वही व्हॉट्सअॅपवर आधी पाठवा, मग भेटा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं घरी तपासण्याच्या बाजूने आहेत, ती छापून सोबत न्या. तरीही एकदाच आणि मिश्रच इन्सुलिन असा आग्रह राहिला, तर सरळ म्हणा, "शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून येतो, चिठ्ठी द्याल का?" सांगलीहून लांब पडतं खरं, पण एकदा डोस बसवून आलात तर पुढचं इथल्याच डॉक्टरांकडे चालतं आणि संबंध तुटत नाहीत.

वेळेवर उपचार झालेल्या बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांत सुटतं. म्हणून आकडे हळूहळू खाली यायला लागले की तपासणी वाढवा. कंटाळा नेमका तेव्हाच येतो. आणि फ्रीजच्या दारावर कॅलेंडर लावून टोचल्यावर लगेच खूण करा. घरात दोघे टोचणारे असले की दुहेरी डोस असाच जातो, विशेषतः गौरी-गणपतीच्या गडबडीत.